‘हेब्रिडीज’च्या पहिल्या आठ बारांची तालीम

संगीतकार मेंडेल्सझोनचं ‘द हेब्रिडीज’ हे ओव्हर्चर (स्कॉटलंडच्या बेटांवरून आणि तिथल्या समुद्रावरून सुचलेली वाद्यवृंदाची रचना) जेमतेम दहा मिनिटांचं आहे, आणि त्या दिवशी मी घेतलेल्या तालमीची अख्खी सकाळ पहिल्या आठ बारांतच, म्हणजे तालाच्या पहिल्या आठ घरांतच गेली. कागदावर सुरुवात साधी दिसते. बसून (लाकडी फुंकवाद्य), व्हायोला आणि चेलो (व्हायोलिनच्या जातीची, पण खालच्या सुरांची वाद्यं) मिळून एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवतात: एफ शार्प, डी, सी शार्प, डी, बी, खालचा एफ शार्प. वर व्हायोलिन लांब सूर धरतात. वादक हौशी असले तरी तयारीचे होते, सूर बरोबर लागत होते, पण पाणी काही हलत नव्हतं.

दोष बोच्या, म्हणजे तंतुवाद्यांच्या गजाच्या, वाटणीत होता. पहिल्याच सुरावर चेलोंचा निम्म्याहून जास्त बो खर्च होत होता. मधल्या छोट्या सुरांना टोकाचा तुकडा उरायचा, ते चुरडले जायचे, आणि पुढच्या बारला बो उलटताना हिसका बसायचा. दर बारला असा ठोका ऐकू आला की लाट उरत नाही, कवायत होते. चेलोंना सांगितलं: पहिला सूर थोड्या बोवर, हलक्या हाताने. छोट्या सुरांसाठी बो राखून ठेवायचा. उलटताना मनगट सैल. व्हायोलांना तेच सांगितलं. शिवाय दोघांनी इतकंच वाजवायचं की बसूनचा लाकडी आवाज आतून ऐकू यावा. तो दबला तर रंगच जातो.

दुसरी अडचण हौसेची. जो तो आपापल्या बारला फुगवटा देत होता. इथे खरी हालचाल हार्मनीची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची (कॉर्डची) आहे: दोन बार बी मायनर, दोन डी मेजर, दोन एफ शार्प मायनर. एफ शार्प हा सूर तिन्हींत आहे, त्याच्याभोवतीचं सगळं सरकतं. म्हणून आकृती बाजूला ठेवून सगळ्यांना नुसते कॉर्ड धरायला लावले, अगदी हळू आवाजात. कॉर्ड बदलताना काय होतं ते कानात बसलं, मग आकृती परत आणली. फुगवटा आपोआप ओसरला.

माझं ठाम मत आहे की ही सुरुवात गुहेसारखी भव्य वाजवू नये. स्टाफा बेटावरच्या फिंगलच्या गुहेचं नाव या रचनेला चिकटलं असलं तरी हे सूर मेंडेल्सझोनने घरी पाठवलेल्या पत्रात ७ ऑगस्ट १८२९ ला उतरवले होते, जवळजवळ आजच्याच रूपात. स्टाफाची बोट त्याने पकडली ती दुसऱ्या दिवशी. सोबतचा मित्र क्लिंगेमान याने लिहिलंय की समुद्राशी त्याचं संगीतकार म्हणून जितकं जमतं तितकं पोटाचं जमत नाही.

डेव्हलपमेंटबद्दल, म्हणजे धुनी उलगडत नेणाऱ्या मधल्या भागाबद्दल, मेंडेल्सझोन स्वतःच नाराज होता. जानेवारी १८३२ मध्ये बहीण फानीला त्याने कळवलं की त्यात माशाचं तेल, सीगल आणि खारवलेल्या कॉडपेक्षा काउंटरपॉइंटचीच (अनेक धुनी एकत्र गुंफण्याच्या तंत्राची) चव जास्त लागते. त्यानंतर त्याने रचना दुरुस्त केली. लंडनचा पहिला प्रयोग १४ मे १८३२ चा. या भागातले हलके स्टॅकाटो (तुटक सूर) तालमीत हमखास पळतात, कारण आवाज कमी करताना सगळे नकळत घाई करतात. तिथे मी हाताचा ठेका लहान केला, लय मात्र मोजून तीच ठेवली.

सर्वांत मोठा प्रश्न क्लॅरिनेटचा निघाला. दुसरी धून आधी ४७व्या बारपासून चेलो आणि बसूनवर डी मेजरमध्ये येते; शेवटाकडे तीच बी मेजरमध्ये क्लॅरिनेटवर, अतिशय शांत. क्लॅरिनेट वेगवेगळ्या सुरांत बांधलेले असतात, आणि वादकासमोर लिहिलेला सूर ऐकू येणाऱ्या सुराहून वेगळा असतो. ही जागा लिहिलीय ए क्लॅरिनेटसाठी, म्हणजे वादकासमोर डी मेजर, दोन शार्प. आमच्या दुसऱ्या वादकाकडे फक्त बी फ्लॅट वाद्य होतं. त्यावर तीच जागा सी शार्प मेजर होते, सात शार्प. बोटं कशीबशी पोचतात, पण दोघांच्या जुगलबंदीत एकाचा सूर आखडला की दुसऱ्याचाही आखडतो. ए क्लॅरिनेट उसनं आणायचं ठरलं, आणि ते हातात येईपर्यंत ती जागा पहिल्या वादकाने एकट्याने वाजवली.