आजीचा राजगुरू वेगळाच निघाला!

नळस्टॉपला रिक्षा सोडली आणि लॉ कॉलेज रोडने पायी निघालो. या रस्त्याने आजवर शंभरदा गेलो असेन, पण फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकातून आत शिरायची ही पहिलीच वेळ. मित्राची मुलगी तिथे संकलन शिकते. "काका, इतक्या लांबून कुणाला बघायला आलात?" तिने विचारलं. म्हटलं, "एका खलनायकाला."

चंद्रमोहन! 1933 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे, पुण्यात आली आणि नव्या स्टुडिओतला पहिला बोलपट निघाला तो 1934 चा 'अमृतमंथन'. राजा देवीपुढे बळी देण्याची प्रथा बंद करतो म्हणून चवताळून त्याचाच काटा काढणारा देवीचा राजगुरू म्हणजे चंद्रमोहन. मूळचा मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरचा, घाऱ्या डोळ्यांचा. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी टेलिफोटो लेन्स लावून त्याचा एकच डोळा अख्ख्या पडद्यावर पसरला. पहिल्याच चित्रपटात चेहऱ्याआधी डोळा गाजलेला दुसरा नट मला तरी माहीत नाही.

जुना स्टुडिओ बाहेरून एखाद्या गोदामासारखाच दिसतो. उंच छप्पर, दणकट दार. आत मुलांचं शूटिंग चालू होतं, त्यामुळे दारातूनच डोकावलो. अंधार आणि जमिनीवर वायरींचं जंजाळ. इथेच कुठेतरी देवीचं देऊळ उभं राहिलं असेल, असं मनाशी म्हणतोय तोवर आजी आठवली.

लहानपणी आम्ही जेवताना कुरकुर केली की आजी डोळे वटारून "राजगुरू येईल हं" म्हणायची. पुढे मी हिंदी 'अमृतमंथन' पाहिला आणि समजलो, तिला चंद्रमोहनच दिसत असणार. पण तिने पाहिलेला होता मराठी! प्रभातने तो दोन्ही भाषांत काढला आणि मराठीत राजगुरू होते केशवराव दाते. रंगभूमीवर मुरलेला, शब्द तोलून टाकणारा नट. तेच पुढे 'कुंकू'त तरुण बायको करून आणणारे म्हातारे काकासाहेब झाले. म्हणजे आमच्या घरात इतकी वर्षं दोन राजगुरू नांदत होते, एक आवाजाचा, एक डोळ्यांचा.

चंद्रमोहन मग 'धर्मात्मा'त बालगंधर्वांच्या एकनाथांना छळणारा महंत झाला. पण मला तो 1939 च्या 'पुकार'मध्ये जास्त आवडतो. तिथे तो जहांगीर आहे. न्याय करायचा तर स्वतःच्याच बेगमेला शिक्षा द्यायची, आणि तेच भेदक डोळे आता हतबल. दिग्दर्शक के. आसिफनी 'मुगल-ए-आझम'साठी आधी अकबर म्हणून त्यालाच घेतलं होतं. 1949 मध्ये तो गेला. तेव्हा जेमतेम चाळिशी ओलांडली होती. पुढे पृथ्वीराज कपूरांचा अकबर सगळ्यांना पाठ झाला.

बाहेर टपरीवर चहा घेतला आणि मोबाईलवर तो प्रसंग लावला. पडदाभर पसरलेला डोळा माझ्या तळहातावर चिंचोक्याएवढा झाला होता. तरी टपरीवाला गाळणी हातात धरून वाकला.

"मांत्रिक आहे का हा?"

"राजगुरू."

तो जरा वेळ बघत राहिला. "घारा दिसतोय."

सिनेमा काळा-पांढरा आणि मी तर डोळ्यांबद्दल त्याच्याकडे चकार शब्द काढला नव्हता.