छोट्या बोल्टांसाठी टॉर्क पाना घेताना

गणपतीच्या आधी बाईकचं क्लच कव्हर उघडलं होतं, गास्केट बदललं, आणि परत बसवताना मॅन्युअलमध्ये बघितलं तर बोल्टांना १० न्यूटन मीटर, म्हणजे आवळायचा पीळ (टॉर्क) एवढाच. माझ्याकडे तेव्हा एकच टॉर्क पाना (किती पिळाने आवळतोय ते कळणारा, हा लावलेला आकडा आला की टक् वाजणारा), अर्धा इंची, २८ ते २१० चा, कारच्या चाकांसाठी घेतलेला. त्याच्यावर १० चा आकडाच नाही, तरी मी शेवटच्या रेघेच्या खाली अंदाजाने फिरवून लावला, ओढला, वाट बघतोय टक् होईल म्हणून, आणि एकदम बोल्ट हातात मऊ लागला. सहा एमएमचा बोल्ट आणि खाली ॲल्युमिनियम, आटे गेले. कुडाळला जाऊन हेलीकॉईल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, बसवून घ्यावा लागला, त्यात आख्खा दिवस गेला.

नंतर हिशोब केला तेव्हा नीट कळलं. दांडा जवळजवळ अर्धा मीटरचा, मी धरलेलं ४५ सेंटीमीटरवर, म्हणजे तिथे सव्वादोन किलोचा जोर पडला की १० पूर्ण. एवढ्या लांब पान्यावर सव्वादोन किलो हाताला जाणवतच नाही हो!

आमच्या मालवणातले जुने मेकॅनिक काका म्हणतात, "माझ्या हाताक कळता, माका पानो नको." त्यांच्या हाताला खरंच कळतं, चाळीस वर्षं तेच केलंय. माझ्या हाताला नाही कळत, म्हणून मला पाना हवा.

तर घेताना मी ब्रँडच्या आधी रेंज बघितली. क्लिकवाल्या पान्याचा साधारण चार टक्के इकडेतिकडे हा जो दावा असतो तो बहुतेक वेळा कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वर धरायचा असतो, त्यामुळे आपलं काम रेंजच्या मधोमध कुठेतरी यायला हवं. मला पाव इंच ड्राइव्हचा (ड्राइव्ह म्हणजे सॉकेट बसतं ते चौकोनी टोक) ५ ते २५ चा बरोबर पडला, अडीच हजारांच्या आत मिळाला. कव्हरचे बोल्ट, छोटा स्पार्क प्लग सगळं त्यात येतं. फक्त सायकलच्या कार्बन हँडलचे ५-६ वाले बोल्ट आवळणाऱ्यांनी याहून लहान रेंजचा घ्यावा, ५ अगदी काठावर येतो. आणि रेघा कशाच्या आहेत ते बघा, स्वस्तात इंच-पाउंडवाले पण मिळतात, १० न्यूटन मीटर म्हणजे तिथे साडे-अठ्ठ्याऐंशी.

काटावाला बीम पाना अजून स्वस्त, त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही, काटा वाकला असला तर सरळ करून शून्यावर आणायचा की झालं. पण समोरून सरळ बघता आलं पाहिजे, आणि इंजिनच्या खालच्या बाजूला डोकं कुठे घालणार, म्हणून मी क्लिकवाला घेतला.

आल्या आल्या घरीच तपासला. पान्याचं चौकोनी टोक व्हाईसमध्ये धरलं, दांडा आडवा, मुठीच्या मध्यावर दोरीने डबा टांगला, मोजलं तर टोकापासून बरोबर २० सेंटीमीटर. पाना १० वर लावला आणि आईच्या तांब्याने हळूहळू पाणी ओतत गेलो. ५.१ किलोला वाजायला हवा. दांड्याचं स्वतःचं वजन पण जोर लावतं, एवढ्या कमी टॉर्कला ते सोडून चालत नाही, त्यामुळे थोडा आधी वाजणार हे धरलेलंच होतं. टक् झाल्यावर डबा पाण्यासकट वाण्याच्या काट्यावर ठेवला, चार किलो आठशे. माझ्यासाठी एवढं पुष्कळ झालं. आवाज मात्र अगदी बारीक येतो, त्यामुळे हळू ओढायचं आणि मुठीतला हलका झटका जाणवला की तिथेच थांबायचं, दुसऱ्यांदा टक् करायचं नाही.

आपल्याकडची खरी अडचण खारा वारा. बोल्टाच्या आट्यात गंज आणि मीठ असेल तर पाना १० दाखवतो पण त्यातला बराच जोर घासण्यातच जातो, बोल्ट धरत नाही. उलट आट्याला तेल किंवा ग्रीस असेल तर त्याच १० ला बोल्ट जास्त ताणला जातो. मी आधी वायर ब्रशने आटे साफ करतो, गंज धरू नये म्हणून अँटी-सीझ लावतो, आणि मॅन्युअलने कोरडे आटे धरलेले असतील तर ८ वरच थांबतो.

गंजलेला बोल्ट सोडवायला हा पाना कधीच वापरायचा नाही, त्याला साधा पाना आहे. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायचं, ५ वर, त्याच्याही खाली फिरवून स्प्रिंग मोकळी करायची नाही, मग तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात. पावसात तर डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या पण टाकतो, दर महिन्याला बदलतो.