एक ते पाच एप्रिल तुम्ही कुठं होता?

बँकेचं नाव सांगत नाही. सांगलीतली आहे, काउंटरवरची माणसं बोलायला गोड आहेत आणि मामाला तिथं सगळे ओळखतात. तरीसुद्धा एनआरओ ठेवीवरचा (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या पैशांचं खातं ते एनआरओ) टीडीएस, म्हणजे व्याजातून बँक आधीच कापते तो कर, कमी करून घेताना जो ताप झाला, तो लिहून काढल्याशिवाय माझ्या डोक्यातून जाणार नाही.

मी मिरजेत नर्सिंग केलं, आता ब्रिटनमध्ये, लीड्सला नोकरी करते. विश्रामबागेतलं घर विकल्यावर माझ्या वाट्याचे पैसे एनआरओ खात्यात मुदत ठेवीला टाकले. भारतात राहणाऱ्या माणसाला ठराविक रकमेपर्यंतच्या व्याजावर टीडीएस लागत नाही. अनिवासी माणसाचा मात्र पहिल्या रुपयापासून कापतात : ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. "फिफ्टीन-जी भर की" असं सांगणारे सांगलीत पैशाला पासरी भेटतात. टीडीएस कापू नका असं बँकेला लिहून द्यायचा तो तेव्हाचा फॉर्म अनिवासींना चालत नाही. ज्येष्ठांसाठीचा फिफ्टीन-एचही नाही.

चालतो तो भारत आणि ब्रिटन यांच्यातला १९९३ चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार. त्याच्या कलम १२ प्रमाणे अशा व्याजावर भारत जास्तीत जास्त १५ टक्के घेऊ शकतो आणि त्यावर उपकर चढत नाही. लाख रुपये व्याज असेल तर ३१,२०० जाण्याऐवजी १५,००० जातात.

यावर हमखास ऐकायला मिळणारा सल्ला म्हणजे "कापू दे की, रिटर्न भरून परत घे." ऐकायला बरा आहे. पण मी ब्रिटनची कर-रहिवासी, त्यामुळे हेच व्याज मला इथल्या सेल्फ असेसमेंटमध्ये, म्हणजे वार्षिक कर-विवरणात, दाखवावं लागतं, आणि इथलं कर खातं, म्हणजे एचएमआरसी, भारतात भरलेल्या कराची वजावट करारातल्या १५ टक्क्यांपर्यंतच देतं. वरचे १६,२०० भारताकडून परत येईपर्यंत अडकून पडतात. (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं ते एनआरई. त्यातल्या ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं म्हणून ते इकडे दाखवायचंच नाही, असा समज असेल तर काढून टाका. इथं त्यावर कर लागू शकतो.)

बँकेला लागणारे कागद साधे आहेत. ज्या देशात राहता तिथल्या कर खात्याचं रहिवासाचं प्रमाणपत्र, म्हणजे टीआरसी. आपल्या प्राप्तिकर पोर्टलवर भरलेला, करारातला दर मागताना स्वतःची माहिती देणारा फॉर्म १०एफ (क्रमांक तेव्हाचा). पॅन, पासपोर्टची प्रत आणि भारतात तुमची कायम आस्थापना, म्हणजे धंद्याचं कायमचं ठिकाण, नाही असं घोषणापत्र. व्हिसा, भाड्याचा करार, कौन्सिल टॅक्सचं बिल, नोकरीचा पी-६० (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) हे सगळं टीआरसीच्या जागी चालत नाही. तुम्ही तिथं राहता हे त्यातून कळतं, पण तिथलं सरकार तुम्हाला आपला करदाता मानतं हे कळत नाही. आयकर कायद्यात २०१२ साली कलम ९०(४) आलं, तेव्हापासून करारातला दर मागणाऱ्या अनिवासीला टीआरसी लागतंच.

टीआरसी मिळवण्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ऑनलाइन अर्ज केला, फी नव्हती, पत्र घरी आलं. एकच सांगते. अर्जात देश, उत्पन्नाचा प्रकार, कराराचं कलम आणि कोणत्या काळासाठी प्रमाणपत्र हवं ते स्पष्ट लिहा. काळ लिहिला नाही तर पत्राच्या तारखेला तुम्ही रहिवासी आहात एवढंच येतं, आणि सांगलीत त्याचा उपयोग शून्य.

मी काळ लिहिला होता. २०२४-२५ चं कर-वर्ष. पत्रात आलं : ६ एप्रिल २०२४ पासून.

मामा ते घेऊन शाखेतल्या साहेबांकडे गेला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, हे सहा एप्रिलपासून हाय."

"हो, इकडचं कर-वर्ष सहा एप्रिलला सुरू होतं."

"आपलं एक एप्रिलला."

"हो साहेब."

"मग एक ते पाच एप्रिल तुम्ही कुठं होता?"

लीड्समध्येच होते. ईस्टरचा आठवडा होता, वॉर्डात नाइट ड्युटी होती, पगाराची चिठ्ठी आहे, पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्का नाही. हे सगळं सांगितलं. साहेबांना माझ्याबद्दल शंका नव्हतीच. शंका कागदाबद्दल होती, आणि कागद सहा तारखेला सुरू होत होता.

मग मी, हौस म्हणा, त्यांना इतिहास सांगितला. ब्रिटनमध्ये पूर्वी हिशेबाचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२ मध्ये त्यांनी कॅलेंडर बदललं. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला, मधले ११ दिवस गाळले. वर्ष लहान होऊन कर बुडू नये म्हणून तारीख पुढं सरकली आणि शेवटी सहा एप्रिलवर येऊन बसली. शाखेत शांतता. मग मामाचा आवाज : "म्हणजे सांगली संस्थान व्हायच्या आधीचं भांडण हाय हे. साहेब, ते आता आपण मिटवायचं का?" साहेब हसले, कागद परत दिला.

आता उपाय उघड होता. १ ते ५ एप्रिल २०२४ हे दिवस ब्रिटनच्या आधीच्या कर-वर्षात येतात, म्हणजे ६ एप्रिल २०२३ ते ५ एप्रिल २०२४ मध्ये. त्या वर्षाचं वेगळं टीआरसी मागवलं, आलं, मामाने नेऊन दिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "याची मुदत संपली की."

मुदत पाच एप्रिलला संपली होती. मला हवे होते तेच पाच दिवस त्यात होते. हे मी फोनवर सांगितलं, मामाने समोर बसून सांगितलं, शेवटी रागाने कॅलेंडरवर दोन रंगांचे पट्टे काढून फोटो पाठवला. साहेबांची अडचण तोवर बदलली होती. त्यांच्या सिस्टीममध्ये "पासून" आणि "पर्यंत" अशी एकच जोडी होती, कागद जोडायलाही एकच जागा. दोन प्रमाणपत्रांचा एक काळ करायचा अधिकार शाखेला नाही म्हणे. मग कुणाला आहे? "वरून विचारावं लागंल." मग विचारा. "तुमचा अर्ज पाहिजे." अर्ज दिला. पुढच्या खेपेला कळलं की अर्ज साहेबांच्या टेबलावरच आहे, महापुराच्या साली फायली भिजल्यापासून त्यांनी सगळं कपाटाच्या वर ठेवायची पद्धत पाडली आहे आणि माझा अर्जही वरच गेला होता. दरम्यान तिमाही संपली. ३१.२ टक्के कापले गेले.

विट्याकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, माणसं देशभर विखुरलेली, त्यांची खाती ही शाखा डोळे मिटून सांभाळते. देश ओलांडला की मात्र सगळे घाबरतात. टीडीएस कमी कापला आणि पुढं आयकर खात्याने हरकत घेतली तर फरक आणि व्याज बँकेच्या अंगावर येतं, हे खरं आहे. म्हणून जास्त कापणं त्यांना सोयीचं पडतं. त्यात माझा पैसा अडकतो, त्यांचा नाही.

शेवटी चाकं हलली ती एका वाक्याने. आमच्या सीएंनी एक पानी पत्र लिहून दिलं. दोन्ही टीआरसी मिळून १ एप्रिल २०२४ पासूनचा काळ सलग झाकला जातो, कायद्यात टीआरसी एकाच कागदावर असावं असं कुठंही म्हटलेलं नाही, आणि तरीही स्वीकारायचं नसेल तर कारणासह लेखी कळवावं. "लेखी" शब्दाचा परिणाम मी सांगायला नको. अर्ज मुख्य कार्यालयाच्या कर विभागाकडे गेला आणि तिथून उत्तर आलं की दोन्ही एकत्र चालतील. तिथल्या माणसाला हे नवीनही नव्हतं. म्हणून सांगते, शाखेत वाद घालू नका. पहिल्याच भेटीत विचारा की एनआरआय टीडीएस कोण बघतं, अर्ज तिकडे पाठवायला सांगा आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. मामाने पोच घेतली होती म्हणून अर्ज कपाटावरून खाली आला.

दोन्ही टीआरसींची एकच पीडीएफ करा, आधीच्या वर्षाचं वर, चालू वर्षाचं खाली. तीच फॉर्म १०एफला जोडा आणि १०एफमध्ये काळ भारतीय आर्थिक वर्षाचा लिहा. फॉर्म पोर्टलवर फाइल इन्कम टॅक्स फॉर्म्समध्ये मिळतो. आधारच्या ओटीपीने सही होते, पण त्यासाठी आधारला जोडलेला नंबर हातात हवा. माझा नंबर मामाकडे, मामा मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात, आणि उन्हाळ्यात आमच्यात साडेचार तासांचं अंतर. ओटीपी यायचा तेव्हा बोली चालू असायची. शेवटी रविवारी केलं. पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये रहिवासी दर्जा अनिवासी आहे ना, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

जे आधीच कापलं गेलं ते बँक परत देत नाही, ते सरकारजमा झालेलं असतं. २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराची पोर्टलवरची नोंद, तपासलं, बँकेकडून टीडीएसचा दाखला म्हणजे फॉर्म १६ए घेतला आणि आयटीआर-२ हे विवरणपत्र भरलं. इतर उत्पन्नाच्या तक्त्यात करारातल्या दराने कर लागणारं उत्पन्न वेगळं दाखवायची जागा असते. देश, कराराचं कलम, दर आणि टीआरसी आहे का, असे रकाने येतात. तिथं "हो" लिहिताना मला जो आनंद झाला तो परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता. त्या वर्षी मुदत शेवटी १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली होती, मी जुलैतच भरून टाकलं. परतावा एनआरओ खात्यात आला, वर थोडं व्याजही.

हे सगळं १९६१ च्या कायद्याखालचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा, २०२५ चा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक माझ्यावर विसंबून लिहू नका, पोर्टलवर बघा.

परवा मामाचा फोन आला. कुपवाडच्या एकांचा मुलगा अमेरिकेत असतो, त्यांनी मामाला गाठलं होतं. अमेरिकेचं कर-वर्ष जानेवारी ते डिसेंबर, तिथलं रहिवासाचं पत्र म्हणजे फॉर्म ६१६६, आणि ते मागायला फॉर्म ८८०२ भरून ८५ डॉलर फी भरावी लागते. म्हणजे आपल्या वर्षातले जानेवारी ते मार्च हे तीन महिने तिकडच्या पुढच्या कर-वर्षात जाणार, आणि दोन पत्रं त्यांनाही लागणारच. मामा म्हणाला, "माझ्याकडं अर्जाचा नमुना हाय, मी देतो त्यांना. पाच दिवसांच्या जागी तीन महिने घालायचं, बाकी सगळं तेच."