समुद्रापासून लांब असलो तरी

इकडे नॉर्थ कॅरोलिनात १ जूनला वादळांचा हंगाम सुरू होतो, तो ३० नोव्हेंबरपर्यंत. सगळ्यात जास्त जोर सप्टेंबरात. नागपूरहून मामांचा फोन ठरलेला: "काहून टेन्शन घेतो बे, तुमचं शार्लट तर समुद्रापासून किती आत आहे!"

२०२४ च्या हेलीन चक्रीवादळानंतर मला हे ऐकवत नाही. २६ सप्टेंबरच्या रात्री ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा चौथ्या श्रेणीचं होतं. जमिनीवर आल्यावर खालच्या गरम समुद्राकडून मिळणारी ताकद तुटते आणि वारा ओसरत जातो. बाष्प मात्र आत येतच राहतं. ते इथल्या डोंगरांना अडलं आणि कोसळलं. आदल्या पावसानं माती आधीच भिजून फुगली होती. बातम्यांतली ती एक ते पाच श्रेणी फक्त वाऱ्याची असते, पावसाचा अंदाज तिच्यात नसतो.

आमच्याच राज्यातलं ॲशव्हिल म्हणजे आपल्या चिखलदऱ्यासारखं, डोंगरातलं थंड हवेचं ठिकाण, फक्त बरंच मोठं. हवामानाच्या संकटांपासून सुरक्षित म्हणून लोक तिथे मुद्दाम राहायला जात. तिथे धरणाकडून येणाऱ्या मुख्य पाइपलाइनीच वाहून गेल्या. नळाला पिण्याजोगं पाणी आलं ते १८ नोव्हेंबरला. आम्ही काही मराठी मंडळी गाडीत पाण्याचे कॅन भरून गेलो, तर एका आजींनी कॅन घेतला आणि लगेच विचारलं, "बादल्या आणल्यात का?" संडासात टाकायला ओढ्याचं पाणी आणत होत्या त्या. अमेरिकेत हेलीननं दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीच याच डोंगराळ भागातली.

आणि विदर्भाला तरी हे नवं कुठे आहे? २०२१ च्या सप्टेंबरात गुलाब वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि त्याचा उरलेला पाऊस आपल्याकडे पोचला. उमरखेडजवळ पुलावरून नागपूरकडे येणारी एसटी पुरात वाहून गेली, ती त्याच दिवसांत. २३ सप्टेंबर २०२३ ला तर वादळही नव्हतं. काही तासांच्या पावसात नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं.

मावशी त्याच भागात राहते, तळमजल्यावर. तिला सांगून ठेवलंय: आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याला वादळ लागलं असं कळलं, की कागदपत्रं आणि बीपीच्या गोळ्या वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे ठेव, इन्व्हर्टर उंचावर घे. आणि पुलावर पाणी दिसलं तर दादानं गाडी घालू नये, कितीही घाई असली तरी.