पेनड्राइव्ह लावण्याआधी

कापूस वेचणीसाठी गावी आलेला एक मुलगा तालुका कोर्टातल्या माझ्या टेबलाशी येऊन बसला. (त्याच्या परवानगीने लिहितो आहे.) पुण्याच्या एका ठेकेदार कंपनीत तो समाजमाध्यमावरच्या मराठी पोस्ट तपासतो. खिशातून पेनड्राइव्ह काढून म्हणाला, "वकीलसाहेब, याच्यात सारंच हाय. पेपरवाल्याले देऊ काय?"

मी तो लावला नाही. कंपनीच्या संगणकातून विनापरवानगी माहिती उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसू शकतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. "उघडू नको, कोणाला देऊ नको, पुसूही नको," म्हटलं. पुसलं तर पुरावा नष्ट केल्याचा आळ वेगळाच.

मामला मात्र गंभीर होता. 'गावात पोट्टे धरनारे फिरून रायले, दिसले का ठोका,' अशी वऱ्हाडी पोस्ट. पोस्ट आपोआप तपासणाऱ्या यंत्राने ती सोडली, मुलाने चिथावणी म्हणून अडवली, वरिष्ठाने 'बोली, अर्थ अस्पष्ट' असा शेरा मारून परत सोडली. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणाऱ्यांच्या याच अफवेपायी जमावाने डवरी गोसावी समाजाची ५ माणसं ठार केली. असल्या पोस्टचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. म्हणून तिची लिंक आधी सायबर पोलिसांकडे पाठवली, बाकीचं नंतर.

मुलाच्या डोळ्यांपुढे फेसबुकची माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगेन होती. फेसबुकचे अंतर्गत कागद बाहेर काढून ती ५ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे बोलली. हिंदी-बंगाली द्वेषमजकूर पकडण्याची यंत्रणा तोकडी आहे, हे त्याच कागदांतून कळलं. मग वऱ्हाडीला कोण विचारतो? पण तिने तिथल्या रोखे आयोगाकडेही (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तक्रार केली होती, आणि तशा तक्रारदाराला तिथला कायदा संरक्षण देतो. आपला २०१४ चा जागल्या (गैरप्रकार उघड करणारा) संरक्षण कायदा लोकसेवकांच्या गैरव्यवहारापुरता. खासगी नोकरदाराला त्याचा उपयोग नाही.

तरी वाट होती. त्याची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, म्हणजे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे दक्षता यंत्रणा, म्हणजे गैरप्रकाराची तक्रार करायची अंतर्गत सोय, ठेवणं तिला बंधनकारक. तिथे द्यायचं निवेदन त्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टींपुरतं लिहिलं: तारीख, वेळ, शेरा कोणाचा. वापरकर्त्याचं नाव कुठेही नाही. पोस्ट सार्वजनिक होती, ती त्याच्या स्वतःच्या फोनवर उघडून लिंकसकट स्क्रीनशॉट घेतला. तो कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. भाग 'अ' फोनवाल्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, दोन्हींत फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला, तिच्यात बदल झाला की बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते, हॅश बदलतो, आणि उलटतपासणीत तिथेच पकडतात. म्हणून मूळ फोन विकायचा नाही, फॉरमॅटही करायचा नाही.

"नोकरी जाईन काय, साहेब?"

जाऊ शकते, असंच सांगितलं. निवेदन त्याने स्वतःच्या ईमेलवरून पाठवलं, पोच छापून फाइलला लावली. पुढे कामावरून काढलं, तर तक्रार आधीची आहे हे त्या तारखेवरून दाखवता येईल.