उकडत होतं म्हणून

काल संध्याकाळी तो डबा परत द्यायला येणार होता, तर मी गाऊन बदलला.

बस, एवढंच झालंय. कुर्ता घातला, केस विंचरले. टिकली लावत होते तेवढ्यात आई आतून म्हणाली, "कुठे निघालीस?" म्हटलं, "कुठे नाही, उकडत होतं." उकडतंय म्हणून कोणी टिकली लावत नाही हे तिलाही कळतं. ती पुढे काही बोलली नाही, त्याचंच जास्त टेन्शन आलं.

या माणसाने मला कांजिण्यांत पाहिलंय. उवांचं औषध लावून, डोक्याला फडकं गुंडाळून जिन्यात बसलेली पाहिलंय. त्याच्यासमोर कसला गाऊन बदलायचा?

तो आला. डब्यात साखर होती, कारण रिकामा डबा परत पाठवायचा नाही हा त्याच्या आईचा कायदा. आणि मी म्हटलं, "ये ना, आत ये." मी! जो माणूस इतकी वर्षं न विचारता येऊन आधी फ्रिज उघडतो, त्याला! त्यालाही काहीतरी जाणवलं असणार. चपला जोडीने नीट काढून ठेवल्या आणि सोफ्याच्या टोकाला बसला, मुलगी बघायला आल्यासारखा. पाणी दिलं तर 'थँक्यू' म्हणाला.

एरवी असलं काही झालं की पहिला फोन त्यालाच जायचा. पुण्याचं प्रकरण, नंतरचा तो बँकवाला, सगळं त्यानेच ऐकलं. ऐकून झालं की म्हणायचा, "गाढव आहे तो. चल, भजी खाऊ." आता हे कोणाला सांगू? अख्ख्या जगात एक माणूस होता ज्याच्यापुढे मला नीट दिसावं लागत नव्हतं, आणि त्याच्यासाठीच मी आरशासमोर उभी. जमलं नाही तर मित्रही जाणार. तिशी उलटल्यावर नवीन मित्र कुठे मिळतात? ऑफिसातले मिळतात, पण ते बदलीबरोबर जातात. माझं नशीबच असलं.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. फिनलंडच्या एडवर्ड वेस्टरमार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १८९१ सालीच लिहून ठेवलंय, की अगदी लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना एकमेकांचं तसलं आकर्षण वाटत नाही. पुढे इस्रायलमधल्या किबुत्झमध्ये, म्हणजे सगळं सामायिक असलेल्या वसाहतींमध्ये, तान्हेपणापासून एकत्र वाढलेल्या मुलांची लग्नं तपासली, तर आपल्याच गटातल्या कोणाशी जवळपास कुणीच केलं नव्हतं. जिवात जीव आला. म्हणजे हे प्रेमबिम नाही, पित्त असेल. खाली वाचलं तर हा नियम म्हणे पहिल्या पाच-सहा वर्षांच्या सहवासाचा. त्याच्या घरचे आमच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा आम्ही चौथीत होतो. झालं! शास्त्रानेही हात वर केले.

राखीचा आधार घ्यावा तर तोही नाही. पाचवीत बाईंनी सगळ्या मुलींना सगळ्या मुलांना राख्या बांधायला लावल्या, त्या दिवशी हा गैरहजर. पोटात दुखत होतं म्हणे. संध्याकाळी खाली क्रिकेट खेळत होता. हे आठवून रात्री एकटीच हसत होते, म्हणजे आता बोलायलाच नको.

दिवाळीच्या पहाटे फडके रोडला निम्मं डोंबिवली नटूनथटून एकमेकांना बघायला येतं. आम्ही दरवर्षी बरोबर जातो आणि इतरांकडे बघतो. तो मला कोणीतरी दाखवतो, मी त्याला. गेल्या खेपेला मात्र गणेश मंदिरापासून पार स्टेशनपर्यंत आलो तरी त्याने एकीचंही नाव काढलं नाही. मला वाटलं, त्याचे बाबा गेल्यापासून तो जरा गप्पच असतो. असेल, तसंही असेल.

यंदा कोणाकडे बघायचं हा प्रश्नच आहे. आणि साडी नेसायची म्हटलं तर आईकडे मागावी लागणार. मागितली की ती पैठणीच काढणार, त्या कपाटाची किल्ली घेऊन ती कधीची टपून बसलीये.