चेनलॉक, तोरणमाळ आणि मोबाइलवरचा सिनेमा

सातपायरी घाटाच्या पाचव्या वळणावर नानाच्या मोटारसायकलची चेन निघाली आणि मागे रस्त्यावर लांब होऊन पडली. चेनलॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, गायब. नाना उतरला, चेन उचलून हँडलला अडकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हे भी तुना पिच्चरमा शे का?"

होतं की! त्या पिच्चरमुळेच तर आम्ही निघालो होतो.

नाना माझा आतेभाऊ. शहाद्याजवळ त्याची पपई आहे. मी धुळ्याचा, नोकरीमुळे पुण्यात. गावी आलो की रात्री त्याच्या मळ्यातल्या खोलीवर लॅपटॉप लावून सिनेमे बघायचे, हा आमचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. मला वेड भटकंतीच्या सिनेमांचं, नानाला शंका काढण्याचं. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' बघताना स्पेनमधला टोमॅटोफेकीचा सण आला. ब्युन्योल नावाच्या गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असतो तो. मी रंगात येऊन सांगत होतो, तर नाना म्हणाला, "भाव पडला की आम्हीसुद्धा रस्त्यावरच फेकतो. आमचा कोणी पिच्चर काढत नाही." मग 'इन टू द वाइल्ड' लावला. घरदार, पैसा, नाव सगळं सोडून अलास्काच्या रानात एका मोडक्या बसमध्ये राहिलेला आणि १९९२ मध्ये तिथंच मेलेला तरुण. गोष्ट खरी आहे. परत यायला निघाला तेव्हा उतरून आला होता ती नदी फुगलेली, वाट बंद. शेवटी माझ्या घशात आवंढा, आणि नाना चिडलेला : "मायले येक चिठ्ठी लिखाले काय झायं व्हतं याले?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. ती बस बघायला जाणारे लोक त्याच नदीत अडकायला लागले, काही बुडाले, म्हणून २०२० मध्ये सरकारनं ती हेलिकॉप्टरनं उचलून नेली, हे सांगितल्यावर नाना म्हणाला, "चांगलं केलं."

'द मोटारसायकल डायरीज' मात्र आमचा अर्धाच बघून झाला होता. वाल्टर सालेस या ब्राझीलच्या दिग्दर्शकाचा, २००४ चा सिनेमा. १९५२ मध्ये तेवीस वर्षांचा, डॉक्टरकीचा शेवट राहिलेला अर्नेस्तो गेव्हारा (पुढचा 'चे') आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो एका जुन्या नॉर्टन पाचशेवर दक्षिण अमेरिका बघायला निघतात. बेत चार महिने आणि आठ हजार किलोमीटरचा. गाडीचं नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे बलवान. ही बलवान बाई जिथं तिथं आडवी होते. आम्ही तिथपर्यंत आलो आणि मळ्यातली लाइट गेली. सकाळी नानानंच किक मारली. "चल, आपण तोरणमाळ करू. तुझा तो चे गेला, आपण काय मेलोत का?"

शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. म्हसावद, राणीपूर मागे टाकलं की केळी-पपईचा हिरवा पट्टा संपतो आणि सातपुडा एकदम समोर उभा राहतो. ऑक्टोबर होता. रस्त्याच्या कडेला पावरा बाया सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. आम्ही तिथं दोन वेळा थांबलो, बिया थुंकत थुंकत. खानदेश म्हणजे भुसावळला गाडी थांबते तेव्हा खिडकीतून दिसतं तेवढंच, असं माझ्या पुण्यातल्या मित्रांना वाटतं. 'जब वी मेट'नं रतलामच्या फलाटाला भाग्य दिलं. आमच्या भुसावळला एवढं मोठं जंक्शन असून कोणी गाडी चुकवायलासुद्धा उतरलं नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

असो. तर चेन.

सिनेमात गाडी बंद पडते आणि पुढच्या कटला हिरो कुठंतरी जेवत बसलेला असतो. घाटात कट होत नाही. आम्ही दीड तास ढकललं. ढकलणाऱ्यानं श्वास सांभाळायचा आणि हँडलवाल्यानं सल्ले द्यायचे, अशी वाटणी. नाना हँडलवाला. खाली दरीत ढग, बाजूला साग, आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त मागची नंबरप्लेट. शेवटी खालून एक भरगच्च जीप आली. ड्रायव्हरनं काही न विचारता गाडी टपावर चढवली, दोरीनं बांधली, आणि आम्ही मागच्या फळीवर उभे राहून, गजाला लोंबकळत, अकराशे मीटरच्या वर पोचलो. सगळ्या प्रवासातली ती पंधरा मिनिटं मला सर्वांत आवडली. नानाला अजिबात नाही.

तोरणमाळला चेनलॉक मिळालं नाही. शहाद्याहून उद्या आणतो, असं जीपवाला म्हणाला. यशवंत तलावाच्या काठावर अंधार उतरेपर्यंत बसलो. थंडी वाजायला लागली तसे खोलीवर आलो. तिथं काम करणारा मुलगा, असेल सतरा-अठराचा, मक्याच्या भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा घेऊन आला. जेवण झाल्यावर राहिलेला सिनेमा मी मोबाइलवर लावला. मुलगा दारात उभा राहून बघायला लागला, मग आत येऊन बसला. भाषा स्पॅनिश, पट्ट्या इंग्रजीत. मी मराठीत सांगायचो आणि नाना माझं मराठी त्याच्यासाठी आणखी सोपं करायचा.

चिलीत ती गाडी कायमची सोडून द्यावी लागते आणि दोघं पायी निघतात. "मंग फटफटीनं काय झायं?" नानानं विचारलं. सोडली, म्हटलं. "भंगारमा तरी देवानी."

पुढे पेरूमध्ये, ॲमेझॉनच्या काठी सान पाब्लो नावाची कुष्ठरोग्यांची वसाहत येते. डॉक्टर आणि नर्स एका तीरावर, रोगी दुसऱ्या. चे आपल्या वाढदिवसाच्या रात्री, दम्याचा त्रास असताना, अंधारात नदी पोहून रोग्यांच्या तीरावर जातो. मी हा प्रसंग पाच-सहा वेळा तरी पाहिला असेन, आणि दर वेळी उठून कुठंतरी निघावंसं वाटलं आहे. त्या रात्री तो मुलगा म्हणाला, "आमच्याकडे दवाखानाच पाण्यातून येतो."

त्याच्या आईचं गाव खाली नर्मदेच्या काठावर. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, आणि जे लोक डोंगराच्या कडेला राहिले त्यांच्याकडे रस्ता जात नाही. तिथं तरंगता दवाखाना बोटीवरून जातो. बोट लागली की लोक टेकड्या उतरून येतात. हे तो आपल्याकडे अमुक वारी बाजार भरतो म्हणावं तसं सांगत होता. मामीला ताप होता तेव्हा बोट यायला दोन दिवस होते, तर झोळीत घालून चढ चढवून आणली म्हणाला. "किती चढ?" मी विचारलं. त्यानं हातानंच दाखवलं, किती ते. मी मोबाइल थांबवला होता, तो पुन्हा चालू करायचं बराच वेळ कोणाला सुचलं नाही.

मग नानानं अस्तंब्याचा विषय काढला. अस्तंबा हे याच डोंगररांगेतलं शिखर. अश्वत्थामा तिथं कपाळावरची जखम घेऊन फिरतो आणि जखमेला लावायला तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. धनत्रयोदशीला हजारो लोक रात्रीच्या अंधारात चढतात. नाना तरुणपणी दोनदा गेलेला. "तुझे हे सगळे पिच्चरवाले कधीतरी घरी जातात. अश्वत्थामा कधीच नाही." मुलगा म्हणाला, त्याचा बापसुद्धा दर वर्षी जातो.

दुसऱ्या दिवशी सीताखाई आणि खडकी पॉइंट पायीच केले. दुपारी जीपवाला चेनलॉक घेऊन आला. त्यानं एकाचेच पैसे मागितले, पण आणले होते तीन. नानानं तिन्ही घेतले. एक लावलं, दोन कागदाच्या पुडीत बांधून शर्टच्या खिशात ठेवले, आणि किक मारता मारता विचारलं, "धनतेरस किती तारखेला आहे रे?"